व्यापाऱ्याला शेंगा, मालकाला केक

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि बार्लो काउंटी इतिहास मंडळाच्या आधारस्तंभ मिस ऑड्रे हार्डविक, व्यासपीठावर विराजमान झालेले आदरणीय पाद्रीसाहेब, आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत व्हर्जिल प्रूएट, रंगमंचावरच्या माझ्या सहकारी मिस अर्नेस्टाइन गेन्स, आणि चर्चच्या ह्या तळघरात लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर गेला पाऊण तास अंग चोरून बसलेल्या बंधुभगिनींनो,

भाषणाच्या आरंभीच मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. आज संध्याकाळी मी दारातून आत येत असताना माझ्या कोटाच्या उजव्या खिशातली भाजलेल्या शेंगांची पुडी जप्त करण्यात आली. जप्त करणारी व्यक्ती अग्निशमन दलाची होती, गणवेशात होती, आणि तिच्यामागे भिंतीवर मिस ऑड्रे यांच्या वळणदार अक्षरात एक सूचना चिकटवलेली होती. "आज शेंगा नकोत. कृपया." माझ्या चोपन्न वर्षांच्या निष्कलंक आयुष्यात माझ्या खिशाला हात घालण्याचा प्रसंग कुणावर आला नव्हता. शिवाय पुडी ताजी होती. एवढंच नव्हे, तर बाहेर पडताना ती परत मिळेल का, असं मी विचारलं तेव्हा ते गृहस्थ ती खात होते.

हसा. पण ह्या तक्रारीत एक तात्त्विक मुद्दा दडलेला आहे. एकतीस उन्हाळे ज्या माणसाला आपण शेंगा मारल्या, त्याच्या निरोपाला शेंगांना बंदी? मग हा निरोप नेमका कुणाला आहे?

बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. दर उन्हाळ्यात हार्डविक हाउसच्या पुढच्या ओसरीवर आपण एक नाटक करतो. ते ज्या कादंबरीवर बेतलं आहे, ती लिहिणारी बाई यादवी युद्धापूर्वी आपल्या काउंटीत वर्षभर शाळा शिकवायला होती. नदी ओलांडून, जिथे गुलामगिरी नव्हती त्या ओहायोत परत गेली आणि तिने गुलामगिरीवर असा ग्रंथ लिहिला, की इथल्या लोकांनी तो आधी जाळला आणि मग शंभर वर्षांनी भेटवस्तूंच्या दुकानात विकायला ठेवला. त्या कादंबरीत दोन माणसं आहेत, ज्यांच्यावाचून आपल्या गावाचं पान हलत नाही. एक लिंडसी फेअरबेर्न, गुलामांचा मालक. दुसरा टोबायस स्क्रग्ज, गुलामांचा व्यापारी.

लेखिकेने फेअरबेर्नला रुपेरी केस दिले. तो सारंगी वाजवतो, स्तोत्रं पाठ म्हणतो, नाताळात आपल्या माणसांना एकेक संत्रं वाटतो, आणि त्याचे डोळे इतके वारंवार भरून येतात की वाचकाला वाटावं, ह्या गृहस्थाला वैद्याला दाखवलं पाहिजे. स्क्रग्जच्या वाट्याला काय आलं? पिवळे दात. दातांवरच अडीच पानं. चार बटणांचं जाकीट, त्यातली तीन बटणं वेगवेगळी. तंबाखूची पिंक, कळकट बोटं, माणसाच्या खांद्याला हात लावून तो किती कामाचा हे सांगण्याची सवय. फेअरबेर्न दारिद्र्याच्या छायेने खिन्न होऊन आपल्या घरातल्या डोर्कस नावाच्या बाईचा मुलगा विकतो. स्क्रग्ज तो घेऊन जातो. पुस्तकाच्या शेवटी स्क्रग्ज नदीत बुडून मरतो, कुणी रडत नाही. फेअरबेर्न अंथरुणावर मरतो. डोर्कस त्याचा हात हातात घेऊन त्याला क्षमा करते, आणि साऱ्या काउंटीला हुंदका येतो.

आपल्या गावाने त्या फेअरबेर्नला लगेच ओळखलं. तो मिस ऑड्रेंच्या सासरचा (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस'च म्हणतात), न्यायाधीश हार्डविक. त्याच्या नावाचा रस्ता आहे, त्याच्या घराचं तिकीट आहे. स्क्रग्जला मात्र कुणीच ओळखलं नाही. तो म्हणे बाहेरचा होता. शेजारच्या टेनेसी राज्यातला असावा. आपल्याकडे वाईट माणसं नेहमी टेनेसीची असतात.

तर हा स्क्रग्ज एकतीस उन्हाळे व्हर्जिल प्रूएट यांनी केला. तंबाखूच्या गोदामात लिलाव पुकारणारा आवाज. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना ठाऊक आहे: पानांच्या ढिगांमधून चालता चालता, श्वास न घेता, आकड्यांची अशी माळ ओवायचा की खरेदीदारांच्या भुवया आपोआप हलायच्या. तो आवाज ओसरीवर आला की पुढच्या रांगेतली मुलं आयांच्या कुशीत शिरायची. मग आपला रिवाज. तिकिटाबरोबर शेंगांची एक पुडी, ती अग्निशमन दल विकतं. स्क्रग्जने पायरीवर पाऊल ठेवलं की शेंगा. मुलं मारतात, मोठी मारतात, गेल्या साली एका शाळा-निरीक्षकानं तर पुडीसकट फेकली. नाटक संपल्यावर सगळे नट नमस्काराला पुढे येतात, स्क्रग्ज येत नाही. तो मागच्या, मांसाला धुरी द्यायच्या खोलीच्या दारातून बाहेर पडतो आणि तिथंही मुलं रांगेत उभी असतात. आणि मग ह्याच तळघरात जेवण होतं. फेअरबेर्नचं काम करणाऱ्याला बायका जॅम केकचा कोपऱ्याचा तुकडा देतात, साखरेचा थर जिथे दोन बाजूंनी जाड असतो तो.

गेली चौदा वर्षं तो तुकडा मी खातो आहे. तो फेअरबेर्न मी आहे.

एकदा मी व्हर्जिलना विचारलं होतं, तुम्हाला वाईट नाही वाटत? ते कोटाच्या बाह्या झटकत होते. "वाईट कशाचं? पोरा, इतक्या वर्षांत शेंगा म्हणून मी विकत घेतलेल्या नाहीत." आणि घरी जाताना टोपी भरून घेऊन गेले.

हा विनोद मी आपल्या साप्ताहिकात छापलाही होता. ह्या काउंटीचा वार्ताहर म्हणून नाटकाचं परीक्षण मीच लिहितो. त्यात मीच काम करतो, हे आपण सगळे सौजन्याने विसरता. चौदा वर्षं मी एकच वाक्य थोडं फिरवून लिहीत आलो. "श्री. प्रूएट यंदाही मनसोक्त तिरस्करणीय." फेअरबेर्नविषयी मी विनयाने फारसं लिहीत नसे. "भूमिकेची खानदानी करुणा जपली गेली", एवढंच.

मिस ऑड्रे, घड्याळ दाखवू नका, दिसतंय मला. कार्यक्रमपत्रिकेत मला सहा मिनिटं आहेत आणि केक कापायला बारा. केक थांबेल.

आजच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलं आहे, की श्रीयुत प्रूएट स्वखुशीने रंगमंचावरून निवृत्त होत आहेत. तो मजकूर माझा आहे. आज मी त्या 'स्वखुशीने' विषयी बोलायला उभा आहे.

गेल्या हिवाळ्यात व्हर्जिलचं कमरेचं हाड मोडलं. गोठलेल्या पायरीवरून घसरले. दोन महिने अंथरुणात. मिस अर्नेस्टाइन, ज्या एकोणीस उन्हाळे आपल्या नाटकात डोर्कस होतात, त्या त्यांना सूप घेऊन जायच्या. एक दिवस सुपाबरोबर पुस्तक घेऊन गेल्या. दुकानात विकतो ते नव्हे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, पुठ्ठा उसवलेली जुनी प्रत. व्हर्जिलनी ती आयुष्यात पहिल्यांदा अख्खी वाचली. एकतीस वर्षं ज्याचा खलनायक केला तो ग्रंथ त्यांनी वाचला नव्हता ह्यात नवल नाही. मीही नव्हता वाचला. आपण सगळ्यांनी दुकानातली संक्षिप्त आवृत्ती वाचलेली आहे, आणि ती मिस ऑड्रेंच्या दिवंगत सासूबाईंनी मोठ्या कष्टाने संक्षिप्त केली. नाटकही त्यांनीच लिहिलं.

जुन्या प्रतीत अकरावं प्रकरण आहे. आपल्या आवृत्तीत दहाव्यानंतर बारावं येतं. आकडा चुकला असेल, असं आपण समजत होतो. छापखान्यांचं काय सांगावं.

आपल्या नाटकात काय होतं ते आठवा. स्क्रग्ज ओसरीवर येतो, विचारतो, "माल तयार आहे?" फेअरबेर्न, म्हणजे मी, छातीवर हात ठेवून म्हणतो, "मला जरा मोकळी हवा हवी," आणि आत निघून जातो. दिवे मंद होतात. दिवे उजळतात तेव्हा स्क्रग्जच्या हातात सही झालेला कागद असतो. सही कधी झाली? कुणी केली? तीनशे खुर्च्या, एकतीस उन्हाळे, दर उन्हाळी बारा प्रयोग, एकालाही हा प्रश्न पडला नाही. कागद जणू त्या व्यापाऱ्याच्या जाकिटातच उगवला.

अकराव्या प्रकरणात फेअरबेर्न हवा खायला जात नाही. बसून राहतो. त्यातून आपल्याला कळतं, की व्यापारी आपण होऊन आलेला नव्हता. त्याला फेअरबेर्नने पत्र पाठवून बोलावलं होतं, आणि पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून दुसरं पाठवलं होतं. कागद पुढे येतो. फेअरबेर्न लेखणी उचलतो, टोक कागदावर खरखरतं, आणि तो कपाळाला आठी घालून म्हणतो, "याहून बरी लेखणी नाही का तुझ्याकडे?" स्क्रग्ज आपली लेखणी जाकिटाला पुसून देतो. सही होते. प्रकरण संपतं. लेखिका दातांवर अडीच पानं खर्च करणारी बाई, पण इथे तिने एक विशेषण वापरलेलं नाही.

मंडळी, ती बाई इथे वर्षभर राहून गेली होती. तिला दात दिसले आणि हातही दिसला. आपण दात ठेवले.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी शेवटचा प्रयोग होता. आपल्यापैकी बहुतेक जण तिथे होते. पण प्रेक्षकांत होते, आणि मी ओसरीवर होतो, म्हणून सांगतो. स्क्रग्ज काठी टेकत पायरी चढला. शेंगा पडल्या. "माल तयार आहे?" त्याने विचारलं. मी छातीवर हात ठेवला, मोकळी हवा मागितली आणि वळलो, तर दारात खुर्ची. व्हर्जिलनी काठीने ती ओढून दाराला लावली होती आणि स्वतः तिच्यावर बसले होते.

"हवा नंतर, मालक," ते लिलावाच्या आवाजात म्हणाले. "आधी कागद."

हे वाक्य नाटकात नाही. मला वाटलं म्हातारा विसरला. मी कुजबुजलो, "व्हर्जिल, काय चाललंय हे?"

"मी आपण होऊन आलो नाही, मालक. तुम्ही बोलावलंत. पत्र खिशात आहे. वाचू मोठ्यानं?"

शेंगा थांबल्या. तीनशे माणसं आणि वारा घालणाऱ्या कार्यक्रमपत्रिका, सगळं थांबलं. टेबलावर कागद आला, लेखणी आली. आणि मग त्यांनी आवाज खाली आणला, एवढा की फक्त मला ऐकू यावं. ते म्हणाले, "सही कर, नाहीतर करू नकोस, पोरा. दोन्ही चालेल. पण इथंच थांब. आज आत जायचं नाही."

दोन्ही चालेल. हे शब्द लक्षात ठेवा, मी त्यांच्याकडे परत येईन.

मी सही केली.

का केली? मला विचारू नका, मी स्वतःला बरेच दिवस विचारलं. लोक खोळंबले होते. पुढच्या प्रवेशाला कागद लागणार होता. टेनेसीहून आलेली एक अख्खी बस बसली होती. मी वाकलो, सही केली, आणि मग, ह्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते, मी रुमाल काढला. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. डोळे टिपले.

आणि आपण टाळ्या वाजवल्यात.

मला टाळ्या. तिसऱ्या रांगेत दोन बायका रडत होत्या, माझ्यासाठी. एक शेंग, बंधुभगिनींनो, एक शेंग माझ्याकडे आली नाही. मी तुमच्या देखत, दिव्याच्या झोतात, एका बाईचा मुलगा विकला होता. आणि मग स्क्रग्जने तो कागद उचलला तसा तुम्ही त्याच्यावर असा मारा केलात, की त्याच्या काठीखाली शेंगा चिरडत होत्या.

डोर्कस खांबापाशी तबक घेऊन उभी असते. ह्या ठिकाणी तिचं एक वाक्य आहे, "देव मालकांना सुखी ठेवो." एकोणीस वर्षं मिस अर्नेस्टाइन ते म्हणत आल्या. त्या रात्री त्या म्हणाल्या नाहीत. पडद्याआडून मिस ऑड्रे दोनदा ते वाक्य पुरवत होत्या, मला स्पष्ट ऐकू आलं. मिस अर्नेस्टाइननी तबक ओसरीच्या कठड्यावर ठेवलं आणि पायऱ्या उतरून बागेतून चालत गेल्या.

मी नंतर त्यांना त्यांच्या गाडीपाशी गाठलं. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं. मी म्हणालो, "मिस अर्नेस्टाइन, आजचा प्रवेश फार ताकदीचा झाला."

त्या गाडीच्या टपावरून माझ्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहिलेल्या बाईची नजर आहे ती. त्या नजरेसमोर मी आठव्या इयत्तेत दुसऱ्यांदा पाव मागायला घाबरायचो. त्या म्हणाल्या, "हॉलिस, मी इतकी वर्षं काय समजत होते सांगू? समजत होते, तो प्रवेश नाटकातून काढला, कारण तो असता तर लोकांना तुझी चीड आली असती. आज कळलं. असता तरी चाललं असतं. उगाच काढला."

मी म्हणालो, "लोकांना सवय असते हो."

"असते ना. माझ्या पणजीच्या भावाला ज्यानं नेलं, त्याचं नाव आमच्यात कुणाला आठवत नाही. ज्यानं पाठवलं, त्याच्या नावाच्या रस्त्यावर मी राहते. पत्रं त्याच पत्त्यावर येतात." मग गाडीचं दार उघडताना म्हणाल्या, "आणि तो रुमाल धुवून घे. फार वापरलास."

इथपर्यंत आपण म्हणाल, नाटक होतं. मीही म्हणत होतो. मंडळाची बैठक पुढच्या गुरुवारी ग्रंथालयात झाली. सात सभासद. मिस अर्नेस्टाइन मंडळावर नाहीत. का नाहीत, हा प्रश्न मला ह्याच आठवड्यात पडला. विषय एकच. बसमधल्या पाहुण्यांना अस्वस्थ वाटलं. न्यायाधीशांच्या स्मृतीचा अवमान झाला. संहितेत परस्पर भर घातली गेली. कुणी आवाज चढवला नाही. आपण आवाज चढवणारी माणसं नाही. गोड चहा होता, हॅम घातलेली बिस्किटं होती.

मी बोललो. हे मी स्वतःच्या बाजूने नोंदवतो. मी म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे, दुसरं त्याच्याकडे आता काय आहे? गोदामं बंद झाली, लिलाव गेले. तो आवाज आता वर्षातून बारा संध्याकाळीच निघतो. काढून टाकणं बरं दिसत नाही."

मिस ऑड्रे अतिशय ममतेने म्हणाल्या, आणि ती ममता खरी होती, त्यांना दोष देऊ नका, "हॉलिस, त्यांना कुणी काढत नाहीये. आपण त्यांचा सत्कार करतोय."

सत्काराच्या विरोधात कोण बोलतं? एकमताने ठरलं, की व्हर्जिल प्रूएट स्वखुशीने निवृत्त होतील, आणि पुढल्या उन्हाळ्यापासून स्क्रग्ज रंगमंचावर येणारच नाही. त्याचा फक्त आवाज येईल, आधी ध्वनिमुद्रित केलेला. शेंगा कुणाला मारायच्या, हे अग्निशमन दलाने विचारलं आहे. त्यावर उपसमिती नेमली आहे. फेअरबेर्न मात्र प्रत्यक्ष दिसेल. त्याबद्दल कुणाला काही अडचण नव्हती.

पत्राला दोन सह्या लागतात, अध्यक्षांची आणि चिटणिसाची. चिटणीस मी. मिस ऑड्रेंनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. पेन चालेना. मी दोनदा गिरवलं, कोपऱ्यात रेघोट्या मारल्या, आणि म्हणालो, "दुसरं बरं पेन नाही का कुणाकडे?" कुणीतरी दिलं. मी सही केली. जड अंतःकरणाने केली. आपल्याला वाटत असेल मी उपहासाने बोलतो आहे, नाही. अंतःकरण खरोखरच जड होतं. ते जड असल्याने सहीच्या वळणात काही फरक पडला नाही, एवढंच.

पत्र मीच पोचवलं. टपालाने पाठवणं मला क्रूर वाटलं. शेवटी आपण माणसं आहोत. व्हर्जिल ओसरीवर बसले होते, पाय स्टुलावर. त्यांनी चष्मा लावला, पत्र वाचलं, उलट करून मागे काही आहे का बघितलं.

"स्वखुशीने," ते म्हणाले. "कुणाच्या रे?"

मी म्हणालो, "मी बोललो हो बैठकीत. मी बाजू मांडली तुमची."

"मांडली असशील. तू चांगला मुलगा आहेस."

मग त्यांनी पत्राची घडी घातली आणि खालच्या दोन सह्यांवर बोट फिरवत, काही वाईट हेतू नसलेल्या आवाजात, अगदी हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "पेन नीट चाललं का?"

मला वाटलं, बैठकीतलं त्यांना कुणी सांगितलं. कुणी सांगितलं नव्हतं. तोपर्यंत मी अकरावं प्रकरण वाचलेलंच नव्हतं, आणि ते काय विचारताहेत हे मला कळलं नाही. मी म्हणालो, "नाही, बदलावं लागलं." ते हसले नाहीत. आत गेले आणि मिस अर्नेस्टाइनची ती उसवलेली प्रत आणून माझ्या मांडीवर ठेवली, अकराव्या प्रकरणात शेंगेचं टरफल खुणेला घातलेलं. म्हणाले, "चार पानं आहेत. इथंच बसून वाच. आणि जाताना पायरी सांभाळ, तिच्यावर मी पडलो होतो."

मी वाचली.

तेव्हा अध्यक्ष महोदया, पाद्रीसाहेब, बंधुभगिनींनो, हा निरोप समारंभ एका कागदावर उभा आहे आणि त्या कागदावर माझं नाव आहे. श्रीयुत प्रूएट स्वखुशीने निवृत्त झालेले नाहीत. त्यांनी कधी तसं म्हटलं नाही, त्यांना कुणी विचारलं नाही, आणि तो शब्द मी लिहिला, कारण तो वाचायला बरा वाटतो. आपल्या साप्ताहिकात मी तो दुसऱ्या पानावर छापलाही आहे. दुरुस्ती ह्या अंकात येईल. शाल पांघरण्याआधी हे आपल्या कानावर घालणं मला आवश्यक वाटलं. मिस ऑड्रे, शाल चांगली आहे. ती त्यांना द्याच. थंडी येते आहे.

आता आभार. मंडळाचे आभार, चर्चचे आभार, ज्यांनी सकाळपासून खुर्च्या मांडल्या त्यांचे आभार. केक करणाऱ्या भगिनींचे आभार; कोपऱ्याचा तुकडा आज व्हर्जिलना द्या, आणि त्यांनी नको म्हटलं तर तसाच राहू द्या. मिस अर्नेस्टाइन, पुस्तक दिल्याबद्दल आभार. परत केलं आहे, पुठ्ठा शिवून. व्हर्जिल, तुमचे आभार कसे मानू? माझ्या वाट्याच्या चौदा वर्षांच्या शेंगा तुम्ही खाल्ल्यात.

ह्यानंतर वक्त्याने चुकलंमाकलं पदरात घ्या म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. ह्या गावात फेअरबेर्नने क्षमा मागितली की ती हमखास मिळते, केकसकट, आणि मिळाली की विषय संपतो. हा विषय आज संपू नये, अशी माझी इच्छा आहे. मिस अर्नेस्टाइन, तुमच्याकडे तर मी मुळीच मागत नाही. तुम्ही चौदा वर्षं दर प्रयोगाला मला ती आगाऊ दिली आहे.

एकच सांगतो आणि बसतो. आपण स्क्रग्ज होऊ, अशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. तेवढं धैर्य माझ्यात नाही. पण व्हर्जिल, तुम्ही त्या ओसरीवर मला म्हणाला होतात, दोन्ही चालेल. आणि त्या दोन्हींतलं दुसरं मला सुचलंसुद्धा नाही. ऑगस्टमध्ये तीनशे माणसांसमोर सुचलं नाही, सप्टेंबरात सहा माणसांसमोर सुचलं नाही. पुन्हा कुणीतरी माझ्यापुढे एखादा कागद सरकवेल. तेव्हा तरी सुचेल का, हे मला खरंच माहीत नाही.